बोलक्या भिंती आणि उत्तर देणाऱ्या वस्तू

सांगली-साताऱ्याकडच्या बहुतेक जिल्हा परिषद शाळांच्या आवारात पाऊल टाकलं की भिंती बोलू लागतात. पायऱ्यांच्या उभ्या बाजूंवर पाढे, खांबांवर मुळाक्षरं, कुंपणाच्या भिंतीवर सूर्यमाला, दाराच्या फळीवर कोनांचे प्रकार. यासाठी गावांनी लोकवर्गणी काढली, शिक्षकांनी सुट्टीचे दिवस घातले, आणि अवकळा आलेल्या कितीतरी शाळा त्यामुळे मुलांना आपल्या वाटू लागल्या. या रंगामागची कळकळ खरी आहे. पण शिकण्याच्या दृष्टीनं या भिंतींना एक मर्यादा आहे. ‘त्रिकोणाला तीन बाजू असतात’ हे भिंत पहिलीतल्या मुलाला सांगते आणि तेच मूल सातवीत गेलं तरी तेवढंच सांगते. मुलाच्या मनात ‘मग चौकोनाला चार असल्यानं काय बिघडतं?’ असा प्रश्न आला, तर भिंत गप्प बसते. ती बोलते, पण उत्तर देत नाही. शाळेतल्या खेळाच्या जागा, प्रयोगाचे कोपरे, खेळघरं यांचा विचार करताना हा फरक सगळ्यात आधी ध्यानात घ्यायला हवा, कारण मूल खऱ्या अर्थानं शिकतं ते वस्तूला प्रश्न विचारून आणि वस्तूकडूनच उत्तर घेऊन.

याचं सगळ्यात स्वस्त उदाहरण काडेपेटीत सापडतं. सायकलच्या व्हॉल्व्हची रबरी नळी घ्यायची, तिचे बोटाच्या पेराएवढे तुकडे करायचे, गूल खरवडून टाकलेल्या काड्या त्यांत खोचायच्या आणि तीन काड्यांचा त्रिकोण, चार काड्यांचा चौकोन करायचा. पुण्याच्या टेल्को कारखान्यातले इंजिनिअर अरविंद गुप्ता यांनी अशा काडी-नळीच्या खेळण्यांचं एक मोठं विश्वच उभं केलं आणि पुढे पुण्याच्या ‘आयुका’ या खगोलशास्त्र संस्थेतल्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेतून ते हजारो मुलांच्या हाती दिलं. चौकोन चिमटीत धरून जरा दाबला की तो कलतो, चपटा होतो. त्रिकोण कितीही दाबा, आकार सोडत नाही. इथं कुणी ‘बरोबर’ किंवा ‘चूक’ म्हणत नाही, बोटांनाच कळतं. मग एखादं मूल चौकोनाला आधार द्यायला एका कोपऱ्यातून समोरच्या कोपऱ्यात पाचवी काडी बसवायला जातं, आणि ती पुरत नाही. चौकोन कलता केला तर बसते, ताठ उभा केला तर अपुरी पडते. ‘का पुरत नाही?’ या प्रश्नाच्या पोटात कर्णाची सगळी भूमिती आहे. ताठ चौरसाचा कर्ण बाजूच्या सुमारे 1.41 पट असतो हे त्या मुलाला सातवी-आठवीत भेटेल, पण भेटेल तेव्हा ते सूत्र ओळखीचं असेल. आणि गावातल्या शेडच्या लोखंडी कैचीत, शिवारातल्या विजेच्या मनोऱ्यात त्रिकोणच त्रिकोण का आहेत, हे त्याला कुणी सांगावं लागणार नाही.

ही कल्पना नवी नाही. जर्मनीत फ्रोबेलनं 1837 साली बालकांसाठी संस्था काढली तेव्हा लाकडी ठोकळे आणि चेंडू हीच त्याची पाठ्यपुस्तकं होती. 1907 साली रोममधल्या गरीब वस्तीत मारिया माँटेसरींनी बालगृह सुरू केलं आणि वस्तू अशा बेतल्या की चूक वस्तूतूनच दिसावी. वेगवेगळ्या जाडीच्या दट्ट्यांचा लाकडी ठोकळा घेतला आणि एक दट्ट्या चुकीच्या खाचेत गेला, तर शेवटी एक दट्ट्या जागेविना हातात उरतो. बाईंना लाल पेन उचलावं लागत नाही. हा विचार मराठी मातीत रुजवला तो ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी. 1945 साली तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातल्या बोर्डीला आणि 1957 पासून कोसबाडच्या टेकडीवर त्यांनी जे केलं, त्यातली सगळ्यात धाडसी गोष्ट म्हणजे महागडी साधनं बाजूला ठेवून पानं, बिया, शंख-शिंपले, खडे हीच साधनं मानणं. आदिवासी मुलं गुरं राखायला कुरणात जातात म्हणून शाळेत येत नाहीत, तर शाळाच कुरणात न्यायची, अशी त्यांची कुरणशाळा होती. अंगणात भरणारी अंगणवाडी ही कल्पनाही त्यांचीच. आज देशभर तेच नाव चालतं. शिकण्याची जागा म्हणजे बांधलेली खोली असलीच पाहिजे असं नाही, पण तिथं मुलाच्या हाताला काहीतरी लागलं पाहिजे आणि ते ओळखीचं असलं पाहिजे, हे त्यांनी करून दाखवलं.

अलीकडचं आणि आपल्याच भागातलं उदाहरण साताऱ्याजवळच्या कुमठे बीटचं, म्हणजे तिथल्या शाळांच्या गटाचं आहे. विस्तार अधिकारी प्रतिभा भराडे आणि त्यांच्या शिक्षकांनी तिथल्या प्राथमिक शाळांत ज्ञानरचनावादी, म्हणजे मुलानं स्वतः करून ज्ञान रचण्याची, पद्धत रोजच्या तासात आणली. फरशीवर रेघा आणि चौकटी आखल्या, मुलं गटागटानं खाली बसली, मणी, स्ट्रॉ, खडे, शब्दपट्ट्या हातात आल्या. त्या वर्गात 42 वजा 17 कसं होतं ते बारकाईनं बघण्यासारखं आहे. दहा-दहा स्ट्रॉचे चार गठ्ठे आणि दोन सुट्या स्ट्रॉ समोर आहेत. सात सुट्या काढायच्या, पण सुट्या तर दोनच. मूल थांबतं, गठ्ठ्याकडे बघतं, मग रबर सोडतं. आता बारा सुट्या झाल्या आणि गठ्ठे तीन उरले. फळ्यावर ‘दशकाकडून उसना घेतला’ हे वाक्य पिढ्यान् पिढ्या घोकलं गेलं. इथं ते रबर सोडण्याच्या कृतीत दिसतं. हे काम बघायला राज्यभरातून शिक्षक कुमठ्याला आले, आणि 22 जून 2015 च्या ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ या शासन निर्णयानंतर ज्ञानरचनावाद हा शब्द गावोगावच्या शिक्षकांच्या तोंडी झाला. पण नक्कल करताना जे डोळ्यांना दिसतं ते आधी उचललं जातं. फरशीवरचा रंग लवकर पोचतो. मूल गठ्ठ्यासमोर थांबलेलं असताना शिक्षकानं गप्प राहायचं असतं, ही गोष्ट सावकाश पोचते. रंगवलेल्या चौकटींवर बसून मुलं पुन्हा पाढेच म्हणू लागली, तर भिंतीवरचं लेखन जमिनीवर उतरलं, एवढाच बदल होतो.

मग सांगली जिल्ह्यातल्या कवठे महांकाळसारख्या तालुक्यात खेळाची जागा कशी असावी? जिल्ह्याच्या पूर्वेकडचा हा कमी पावसाचा मुलूख. अग्रणी नदी वर्षातला बराच काळ कोरडी, आणि शेताची भिस्त म्हैसाळ उपसा सिंचन योजनेच्या पाण्यावर. इथल्या मुलांच्या कानावर ‘आवर्तन सुटलं’, ‘पंप बंद पडले’, ‘वीजबिल थकलं’ ही वाक्यं पाळण्यापासून पडतात. या मुलांना रंगीत प्लॅस्टिकची परदेशी खेळणी आणून देण्याआधी दोन टब, पारदर्शक नळीचा एक तुकडा, मापाची भांडी आणि चढायला पाच पायऱ्या द्याव्यात. वरच्या टबात नळी भरून बुडवली आणि टोक खालच्या टबात सोडलं, की पाणी काठावर चढून पलीकडे आपोआप उतरतं. आता खालच्या टबातलं पाणी वर पाठवून दाखवा. नळी वाकवा, चोखा, उंच धरा, काही केलं तरी ते आपोआप वर जात नाही. शेवटी मुलं तांब्यानं पाणी वर नेतात आणि दमतात. त्या दमण्यात म्हैसाळच्या योजनेला वीज का लागते याचं उत्तर आहे. कृष्णेचं पाणी टप्प्याटप्प्यानं उपसून वर चढवावं लागतं, आणि प्रत्येक टप्प्याला कुणाला तरी ‘दमावं’ लागतं, ही गोष्ट नकाशा बघून कळत नाही इतकी पायऱ्या चढून कळते.

दुसरा कोपरा बेदाण्याचा. तासगाव आणि कवठे महांकाळचा पट्टा द्राक्षांचा. उन्हाळ्याच्या तोंडाला शेडमधल्या जाळ्यांवर द्राक्षं वाळायला पडतात आणि साधारण चार किलो द्राक्षांचा एक किलो बेदाणा होतो, हे घरातल्या लहान मुलालाही ठाऊक असतं. ठाऊक असतं, पण विचारलेलं नसतं. शाळेत एक किलो द्राक्षं तोलून जाळीवर पसरायची आणि रोज सकाळी तोलून आकडा लिहायचा. वजन दिवसेंदिवस घटत जातं, पण रोज सारखं घटत नाही. आलेखाची रेघ वाकते. अडीचशे ग्रॅमच्या आसपास आल्यावर घट जवळपास थांबते. बाकीचे साडेसातशे ग्रॅम गेले कुठं? उत्तर शोधायला तेवढीच द्राक्षं झाकणबंद काचेच्या बरणीत ठेवायची आणि बरणीसकट तोलायची. आता वजन घटत नाही, बरणीच्या आतून थेंब धरतात आणि काही दिवसांनी बुरशी येते. ‘गेलेलं’ वजन काचेवर डोळ्यांना दिसतं, आणि बेदाण्याची शेड चारी बाजूंनी वारा खेळेल अशी का बांधतात, हेही त्याच बुरशीतून कळतं. एक मणी चिरून आणि एक अखंड ठेवून बघितलं, तर सालीचा मेणचट थर पाणी कसं अडवून धरतो ते दिसतं. शेतकरी द्राक्षं वाळत घालण्याआधी द्रावणात का बुडवतात, याचा धागा तिथं मिळतो. बाष्पीभवन, टक्केवारी, आलेख आणि सूक्ष्मजीव असे चार धडे एका जाळीवर वाळतात.

अशा जागांचा उपयोग होतो याला संशोधनाचा आधार आहे, आणि तो आधार नेमका कशाला आहे हे समजून घ्यायला हवं. अमेरिकेत एलिझाबेथ बोनाविट्झ आणि सहकाऱ्यांनी 2011 साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात बालवाडीतल्या मुलांना एक खेळणं दिलं होतं. त्यात आवाज करणारी नळी होती, आणि आणखी काही गमती दडलेल्या होत्या. काही मुलांना मोठ्या माणसानं ‘हे खेळणं असं चालतं’ म्हणून आवाज काढून दाखवला. काहींच्या समोर तोच आवाज चुकून निघाल्यासारखा काढला. ज्यांना शिकवलं, ती मुलं तीच नळी ओढत राहिली आणि लवकर कंटाळली. ज्यांना शिकवलं नाही, त्यांनी जास्त वेळ खेळून दडलेल्या गमतीही शोधल्या. पूर्ण उत्तर आधी मिळालं की शोध थांबतो, कारण मुलाला वाटतं, यापलीकडे काही असतं तर यांनी सांगितलं असतं.

यावरून कुणी असं म्हणेल की मग मुलांना मोकळं सोडून द्यावं, शिक्षकाची गरजच काय? इथं विरोधकांचं म्हणणं गंभीरपणे ऐकलं पाहिजे. किर्शनर, स्वेलर आणि क्लार्क या अभ्यासकांनी 2006 साली ठामपणे मांडलं की नवख्या विद्यार्थ्याला मार्गदर्शनाविना सोडलं तर त्याच्या डोक्यावर नको तेवढा ताण पडतो आणि शिकणं कमी होतं. 2011 साली अल्फिएरी आणि सहकाऱ्यांनी 164 अभ्यास एकत्र तपासले. निष्कर्ष दोन भागांत होता: निव्वळ मोकळ्या शोधापेक्षा थेट शिकवणं सरस ठरलं, पण मार्गदर्शनाची जोड असलेला शोध इतर शिकवण्यापेक्षा सरस ठरला. म्हणजे वाद ‘खेळ की शिकवणं’ असा नाहीच. वस्तू उत्तर देते हे खरं, पण कुठला प्रश्न विचारायचा हे नवख्या मुलाला सुचेलच असं नाही. बरणीवर झाकण घालून बघूया, ही सूचना शिक्षकाची. थेंब बघून ‘हे कुठून आले?’ हा प्रश्नही त्याचा. फक्त उत्तर त्याचं नसावं. मार्गदर्शक म्हणजे वाटाड्या. वाट दाखवताना तो मुलाला खांद्यावर घेऊन चालत नाही.

याहून कठीण प्रश्न दिल्लीतल्या एका अभ्यासानं विचारला. मोइरा डिलन, एलिझाबेथ स्पेल्की, एस्थर डफ्लो आणि सहकाऱ्यांनी 214 बालवाड्यांतल्या 1,540 मुलांचा अभ्यास केला आणि त्यांतल्या काहींना काही महिने गणिताचे खेळ खेळायला दिले. निष्कर्ष 2017 साली ‘सायन्स’मध्ये आले. अंदाजानं कमी-जास्त ओळखणं, आकारांची जाण या बाबतीत ही खेळणारी मुलं पुढं गेली आणि ती प्रगती वर्षभरानंतरही टिकली. पण शाळेतल्या आकड्यांच्या, चिन्हांच्या गणितात तिचा टिकाऊ फायदा दिसला नाही. 2025 साली ‘नेचर’मध्ये आलेल्या आणखी एका अभ्यासात कोलकाता आणि दिल्लीच्या बाजारात काम करणारी मुलं तोंडी चोख हिशेब करताना दिसली, पण तसाच हिशेब कागदावर मांडून दिला की अडली, बाजारात काम न करणाऱ्या शाळकरी मुलांचं उलट झालं. हे निष्कर्ष खेळाच्या विरोधात नाहीत, पण एक भाबडी समजूत ते मोडून काढतात. हातातलं ज्ञान आपोआप वहीत उतरत नाही. त्याला पूल बांधावा लागतो. गठ्ठ्याचा रबर सोडल्याबरोबर, त्याच क्षणी, 4 च्या जागी 3 आणि 2 च्या जागी 12 लिहिलं गेलं तरच त्या आकड्यांना अर्थ येतो. द्राक्षांचं वजन रोज वहीत चढलं तरच आलेख जन्मतो. वस्तू, बोलणं आणि लिहिणं एकाच बैठकीत आलं नाही, तर खेळघर हे वर्गाशेजारचं वेगळंच बेट होऊन बसेल.

शेतकरी पालकांची हरकत वेगळी आणि प्रामाणिक असते. ‘माती, पाणी, तराजू हे आमच्या पोरांनी घरी रोजच बघितलंय. त्यातून सुटका व्हावी म्हणून तर शाळेत घालतोय, शाळेतही तेच?’ गांधीजींची नई तालीम 1937 सालच्या वर्ध्याच्या परिषदेतून पुढे आली, तेव्हापासून हा प्रश्न उभा आहे, आणि त्याला झटकून टाकणं अन्यायाचं ठरेल. पण शेतातलं काम आणि शाळेतला प्रयोग यांत मूलभूत भेद आहे. शेतात द्राक्षं वाळवताना चूक परवडत नाही. सगळ्या वर्षाची कमाई जाळीवर पडलेली असते. म्हणून तिथं ‘झाकून ठेवलं तर काय होईल?’ असा प्रश्न कुणी विचारू देत नाही. शाळेत मूठभर द्राक्षांना बुरशी येऊ देता येते. चुकायला परवानगी असलेली जागा म्हणजे शाळा. ओळखीच्या वस्तूकडे अनोळखी नजरेनं बघायला शिकलेलं मूल पुढं शेतीत राहो, प्रयोगशाळेत जावो की कचेरीत बसो, ती नजर त्याच्याबरोबर जाते. शाळेनं मुलाला शेतातच गुंतवून ठेवावं असा याचा अर्थ नाही. आपल्या गावात जे रोज घडतं तेही विज्ञान आहे, हा आत्मविश्वास त्याला मिळावा, असा आहे.

‘अभ्यासक्रम कधी संपणार आणि परीक्षेचं काय?’ हा आक्षेप शिक्षकांचा आहे. त्याला मध्य प्रदेशातल्या तेव्हाच्या होशंगाबाद जिल्ह्याचा अनुभव उत्तर देतो. 1972 साली सोळा उच्च प्राथमिक शाळांत सुरू झालेला तिथला विज्ञान शिक्षण कार्यक्रम पुढे जिल्हाभर पसरला. अरविंद गुप्ता 1978 साली तिथं जाऊनच काडी-नळीकडे वळले. त्या कार्यक्रमानं परीक्षाच बदलली. मुलांना पुस्तक उघडून पेपर लिहिता येई आणि प्रत्यक्ष प्रयोगाचीही परीक्षा असे. पाठांतराला गुण मिळत नसतील तर पाठांतरात वेळ जात नाही. 2002 साली सरकारनं तो कार्यक्रम बंद केला, आणि त्यातूनही शिकण्यासारखं आहे: तीस वर्षं चाललेलं चांगलं कामही पालक आणि शासन यांच्या पाठबळाविना उभं राहू शकत नाही. तसं पाठबळ मिळेपर्यंत सुरुवात मुख्य परीक्षेला धक्का न लावताही करता येते. आठवड्यातला एक तास दिला आणि घटक चाचणीतला एक प्रश्न जरी वस्तू हातात देऊन विचारला, तरी मुलांना आणि पालकांना संदेश पोचतो.

पैसा आणि मनुष्यबळ या अडचणी खऱ्या आहेत, पण समजतात तेवढ्या अटळ नाहीत. साठपर्यंत पट असलेल्या प्राथमिक शाळेला कायद्यानं दोन शिक्षक मिळतात, म्हणजे एकेका शिक्षकाकडे दोन-तीन इयत्ता. पण एका इयत्तेला शिकवताना दुसरीला ‘गप्प बसून लिहा’ सांगण्यापेक्षा ती इयत्ता स्ट्रॉच्या गठ्ठ्यांशी झगडत असेल, तर तो वेळ वाया जात नाही. कारण तिथं चूक दाखवायला शिक्षक लागत नाही, वस्तू दाखवते. दोन शिक्षकी शाळेला खेळाच्या कोपऱ्याची गरज मोठ्या शाळेपेक्षा जास्त आहे ती यामुळेच. तराजू, टब, नळी, काड्या, बरण्या यांचा खर्च एका भिंतीच्या रंगकामाहून बहुधा कमीच भरेल. फक्त या वस्तू कपाटात कुलूपबंद राहता कामा नयेत. फुटण्याच्या भीतीनं जपलेलं साहित्य कुणालाच काही शिकवत नाही.

शिक्षण हक्क कायदा 2009 सालचा. त्याच्या कलम 29 मध्ये कृती, शोध आणि अन्वेषण यांतून शिकवावं असं स्पष्ट लिहिलेलं आहे. 2020 च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणानं पायाभूत टप्प्यासाठी खेळाधारित शिक्षण मान्य केलं, आणि फेब्रुवारी 2023 मध्ये तीन ते आठ वर्षांच्या मुलांसाठी ‘जादुई पिटारा’ हा खेळसाहित्याचा संच आला. कागदावर आता काही मागायचं उरलेलं नाही. उरली आहे ती आठ वर्षांपुढच्या मुलांची गोष्ट, ज्यांच्यासाठी खेळ संपला असं आपण गृहीत धरतो. कर्णाला अपुरी पडणारी काडी तर त्यांच्याच वयाची आहे. आणि उरली आहे निवड करण्याची एक कसोटी. पुढच्या वेळी गाव शाळेसाठी वर्गणी काढेल, एखादी संस्था मदत घेऊन येईल, तेव्हा प्रत्येक वस्तूबद्दल एकच प्रश्न विचारावा: मूल एकटं असताना ही वस्तू त्याला ‘चुकलं, पुन्हा बघ’ असं म्हणू शकते का? सूर्यमालेचं चित्र ते म्हणू शकत नाही. जाळीवरची मूठभर द्राक्षं आणि शेजारचा तराजू म्हणू शकतात, आणि रोज सकाळी म्हणतात.